नव्वद दिवसांचा मक्ता

मराठीत कादंबरीची समीक्षा होते, कवितेची होते, अनुवादाची होते, क्वचित मुखपृष्ठाचीही होते. लेखक ज्या कागदावर सही करून आपलं पुस्तक दुसऱ्याच्या हाती देतो, त्या कागदाची मात्र होत नाही. करारनामा हा वाङ्मयाच्या हद्दीबाहेरचा मजकूर, वकिलाने वाचायचा, असं आपण धरून चाललो आहोत. मला तो हद्दीतला वाटतो. कुठलं पुस्तक किती पानांचं होणार, ते कुणापर्यंत जाणार, पन्नास वर्षांनी सापडणार की नाही, हे त्या कागदावर ठरतं. म्हणून या लेखात मी एका करारनाम्याचं वाचन करणार आहे. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या मराठी लेखकासमोर तो आज संगणकाच्या पडद्यावर येतो, आणि बहुतेकजण तो न वाचता खालच्या चौकटीत खूण करतात.

हा करार ॲमेझॉनचा. या कंपनीने २००७ साली अमेरिकेत किंडल हे वाचनयंत्र आणलं आणि त्याच सुमारास लेखकाने थेट पुस्तक चढवावं अशी सोय केली. तिचं आजचं नाव किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, म्हणजे केडीपी. भारतातलं किंडलचं दुकान २०१२ मध्ये उघडलं. मराठीसाठी महत्त्वाचा महिना डिसेंबर २०१६. तेव्हा हिंदी, मराठी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम या पाच भाषांतली पुस्तकं किंडलवर रीतसर आली. त्या यादीत बंगाली, कन्नड, तेलुगू नव्हत्या. मराठी लेखकाला दार उघडं मिळालं, ही गोष्ट लहान नाही. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाच्या उत्तराची वाट पाहत वर्षं घालवलेल्या माणसाला एका रात्रीत पुस्तक जगभर विक्रीला ठेवता येतं, याचं मोल मी कमी लेखणार नाही.

या दाराच्या आत आणखी एक दार आहे. त्याचं नाव केडीपी सिलेक्ट. ते डिसेंबर २०११ मध्ये सुरू झालं. त्याची मुख्य अट एका वाक्याची आहे: नव्वद दिवस हे पुस्तक डिजिटल रूपात फक्त आमच्याकडे राहील. छापील आवृत्ती लेखकाने कुठेही विकावी, त्यावर बंधन नाही. नमुना म्हणून दहा टक्क्यांपर्यंत मजकूर इतरत्र दाखवावा, चालेल. त्यापलीकडे ई-पुस्तक दुसऱ्या दुकानात नको, स्वतःच्या संकेतस्थळावर नको, फुकटसुद्धा नको. नव्वद दिवस संपले की लेखकाने स्वतः खूण काढली नाही तर पुढचे नव्वद आपोआप सुरू होतात. बदल्यात पुस्तक 'किंडल अनलिमिटेड' या वर्गणीच्या वाचनालयात जातं (भारतात ते २०१५ च्या सप्टेंबरात आलं), आणि त्या काळात पाच दिवस ते फुकट वाटण्याची मुभा मिळते.

इथपर्यंत हा सौदा जगभर सारखाच आहे. पुढे मात्र आपल्यासाठी वेगळं कलम लागतं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख तिथे आहे. केडीपीत लेखकाला दोन दर असतात, पस्तीस टक्के आणि सत्तर टक्के. अमेरिकेतला लेखक आपलं पुस्तक २.९९ ते ९.९९ डॉलरच्या दरम्यान ठेवतो आणि तिथल्या ग्राहकाला विकतो तेव्हा त्याला सत्तर टक्के मिळतात. त्यासाठी त्याने ते पुस्तक फक्त ॲमेझॉनला द्यावं अशी अट नाही. भारत, जपान, ब्राझील आणि मेक्सिको इथल्या ग्राहकाला विकलेल्या प्रतीवर सत्तर टक्के हवे असतील तर पुस्तक सिलेक्टमध्येच असावं लागतं. नाहीतर पस्तीस.

मराठी पुस्तकाचा ग्राहक बहुतांशी भारतात. करवजा शंभर रुपये किमतीच्या मराठी ई-पुस्तकावर मक्ता मान्य केला तर सत्तर रुपये (त्यातून फाइलच्या वजनानुसार थोडा पोहोचवण्याचा खर्च जातो), नाही केला तर पस्तीस. अमेरिकी लेखकापुढचा प्रश्न असतो: वर्गणीच्या वाचनालयातलं उत्पन्न हवं, की इतर दुकानांतलं? आपल्या लेखकापुढचा प्रश्न त्याहून कोता आहे: अर्धी कमाई सोडायची आहे का? इंग्रजीत या विषयावर जे सल्ले भरमसाट छापले जातात, ते आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते यासाठी. त्यांच्याकडे ही निवड आहे. आपल्याकडे ती निवडीच्या वेषातली सक्ती आहे, हे मी जरा कडक शब्दांत पण विचारपूर्वक म्हणतो.

करांची एक आतली गोष्ट इथेच नोंदवतो, कारण ती लेखकांना सहसा ठाऊक नसते. २०१८ साली ई-पुस्तकावरचा वस्तू व सेवा कर अठरावरून पाच टक्क्यांवर आला. पण तो छापील पुस्तकाच्या इलेक्ट्रॉनिक आवृत्तीसाठी. म्हणजे कागदावर कधीच न आलेलं, थेट पडद्यावर जन्मलेलं पुस्तक सवलतीच्या व्याख्येबाहेर राहिलं. ज्याला छपाई परवडत नाही म्हणून जो ई-पुस्तकाकडे वळतो, त्याच्याच पुस्तकावर जास्त कर.

मी अनसिंगला राहतो, वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आमच्याकडे जमीन दुसऱ्याला कसायला द्यायची तर शब्द तयार आहेत. बटईनं दिली तर पिकातला वाटा मिळतो. ठोक्यानं किंवा मक्त्यानं दिली तर हंगामाआधी ठरलेली रक्कम मिळते, पुढे पीक बुडो की पिको. जुने मराठी प्रकाशक लेखकाचा हक्क एकरकमी घेत, ती जमीन विकल्यासारखीच गोष्ट, खरेदीखतच. टक्केवारीची रॉयल्टी म्हणजे बटई. मग किंडल अनलिमिटेडचं काय म्हणावं? तिथे वाटा ठरलेला नाही आणि रक्कमही ठरलेली नाही. कंपनी दर महिन्याला एक निधी जाहीर करते. त्या महिन्यात सगळ्या वाचकांनी मिळून जितकी पानं वाचली त्यांत तो वाटला जातो. पानाचा भाव महिना उलटल्यावर कळतो. अमेरिकेत तो अर्ध्या सेंटच्या आसपास राहिला आहे, भारतातला पैशांत मोजावा लागतो. निधी किती ठेवायचा ते घेणाराच ठरवतो.

माझ्या वयाच्या वऱ्हाडी माणसाला हे ओळखीचं वाटायला हरकत नाही. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२ च्या हंगामापासून शेतकऱ्याने कापूस फक्त शासकीय यंत्रणेलाच विकावा असं ठरलं. हेतू चांगला होता. व्यापाऱ्याने नाडू नये, हमीभाव मिळावा, वर नफा झाला तर बोनस मिळावा. काही हंगामांत तो मिळालाही, आणि त्यावर लग्नं झाली, विहिरी बांधल्या गेल्या. पण बाहेर भाव चढला की सीमेवरचा कापूस रात्री आंध्रात, मध्य प्रदेशात जाई. बाहेर भाव पडला की तिकडचा इकडे येई आणि तोटा योजनेच्या माथी बसे. दोन हजार सालानंतर एकाधिकार सैल होऊन संपला. त्या योजनेवर वऱ्हाडात अजून भांडण होतं. तिचे समर्थक आणि विरोधक दोघांनाही एक गोष्ट मात्र मान्य असते: एकाच घेणाऱ्याला माल देणं बरं की वाईट हे त्या वर्षी बाहेर दुसरा घेणारा उभा आहे का, यावर ठरतं.

हाच प्रश्न मराठी ई-पुस्तकाला विचारू. बाहेर दुसरा कोण उभा आहे?

पुण्याचं बुकगंगा आहे. मराठी ई-पुस्तकांची मोठी यादी त्यांच्याकडे आहे आणि परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंत त्यांची पोच आहे. गुगलचं पुस्तकदालन आहे. ई साहित्य प्रतिष्ठान आहे. ते मराठी पुस्तकं वाचकांना फुकट पाठवतं, त्यामुळे पैशाचा प्रश्नच येत नाही, पण वाचक मात्र खरा मिळतो. प्रतिलिपी आहे, बंगळूरूची. तिथे भागाभागाने लिहिणारे मराठी लेखक आणि त्यांची वाट पाहणारे वाचक पुष्कळ आहेत, आणि आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांनी त्या लेखनाकडे पाठ फिरवली आहे ती विनाकारण. न्यूजहंटने, म्हणजे पुढच्या डेलीहंटने, काही काळ मोबाइलच्या शिलकीतून पाच-दहा रुपयांत मराठी पुस्तक विकत घेण्याची सोय केली होती. गावातल्या वाचकाला ती जमण्याजोगी होती, कारण त्याच्याकडे बँकेचं कार्ड नव्हतं पण रिचार्ज होता. ते दालन पुढे बंद झालं.

बंद होणं हा या धंद्याचा स्वभाव दिसतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान मिटलं, तेव्हा लोकांनी पैसे देऊन घेतलेली पुस्तकं त्यांच्या यंत्रांवरून गेली. पैसे परत मिळाले, पुस्तकं नाहीत. आपल्या देशातलं उदाहरण वेस्टलँडचं. २०१६ मध्ये ॲमेझॉनने ही प्रकाशनसंस्था टाटांकडून पूर्णपणे विकत घेतली. 'एका' नावाने तिची भारतीय भाषांची शाखाही होती. २०२२ च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. चांगली चाललेली पुस्तकं दुकानांतून दिसेनाशी होणार म्हणून वाचक साठा करू लागले. काही महिन्यांत तीच मंडळी प्रतिलिपीच्या सोबतीने पुन्हा उभी राहिली, ही त्यातली बरी गोष्ट. पण लेखकांना मधल्या काळात जे कळायचं ते कळलं.

म्हणून 'सगळीकडे ठेवा' हा सल्लाही मी डोळे मिटून देणार नाही. दुसरी दुकानं लहान आहेत आणि त्यांच्यातली काही कधी मिटतील सांगता येत नाही. ज्याची कादंबरी वेगवान आहे, जो वर्षाला दोन-तीन पुस्तकं लिहितो, ज्याचा वाचक वर्गणी भरून एकामागून एक वाचणारा आहे, त्या मराठी लेखकाला हा मक्ता फायद्याचा ठरू शकतो. रहस्यकथा, भयकथा, कौटुंबिक कादंबरी यांना तो मानवतो.

आता इथून मला या कराराच्या वाङ्मयीन परिणामाकडे वळायचं आहे, आणि माझ्यासाठी तोच खरा विषय आहे.

किंडल अनलिमिटेड आलं तेव्हा अमेरिकेत सुरुवातीला मोबदला पानाचा नव्हता. वाचकाने पुस्तकाचे दहा टक्के ओलांडले की एका वाचनाचे पैसे लेखकाला मिळत. मग काय झालं? पंधरा-वीस पानांच्या पुस्तिकांचा पूर आला, कारण पहिली दोन पानं उलटली की दहा टक्के झाले. १ जुलै २०१५ पासून कंपनीने नियम बदलून पानागणिक मोबदला आणला. लगेच उलटं झालं. पुस्तकं फुगली. एका पुस्तकाच्या मागे चार जुनी पुस्तकं चिकटवून देणारे निघाले, शेवटच्या पानावर उडी मारायला लावणारे दुवे घालणारे निघाले. कंपनीला एका वाचकामागे एका पुस्तकाची तीन हजार पानं अशी कमाल मर्यादा घालावी लागली. चार वर्षांच्या आत एकाच वाचनालयात पुस्तकाचा आकार दोनदा बदलला, आणि दोन्ही वेळा तो पैसे मोजण्याच्या पट्टीने बदलला.

यात हसण्यासारखं काही नाही, कारण आपल्याकडेही असंच होत आलं आहे. बाबूराव अर्णाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्या कथांचा आकार, त्यांचा ठरलेला झोक, धनंजय आणि झुंजार यांचं पुन्हापुन्हा येणं, हे सगळं एका बैठकीत वाचून परत करायच्या भाड्याच्या पुस्तकाला शोभणारं होतं. गल्लीतलं वाचनालय एक प्रत घेई आणि ती फाटेपर्यंत शेकडो हातांत जाई. त्या शेकडो वाचनांतलं एक पैसुद्धा लेखकाकडे जात नसे. उद्धव शेळक्यांचं आमच्या भागातलं उदाहरण तर जास्त जवळचं. 'धग' १९६० ची. वऱ्हाडी बोलीचं आणि कौतिकच्या कष्टाचं तसं पुस्तक पुन्हा झालं नाही. पण लेखणीवर जगायचं ठरवल्यावर शेळक्यांना पुढे भराभर खपणाऱ्या कादंबऱ्या मोठ्या संख्येने लिहाव्या लागल्या. समीक्षकांनी त्याबद्दल हळहळ पुष्कळ व्यक्त केली. त्यांना एका पानाचे काय मिळत होते याचा हिशेब कुणी मांडला नाही.

त्या दृष्टीने पाहिलं तर पानागणिक मोबदल्यात एक न्यायही आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. अर्णाळकरांच्या काळचं वाचनालय लेखकाला जे देत नव्हतं, ते हे वाचनालय देतं: प्रत्येक वाचनाचे पैसे. अगदी थोडे, पण देतं. मात्र हा न्याय लांब गद्यापुरता. कवीच्या ऐंशी पानांच्या संग्रहात अर्ध्याहून जास्त जागा कोरी असते, आणि कवितेचा वाचक एकच पान चार दिवस उघडं ठेवतो. या हिशेबात पान पहिल्यांदा उलटलं तेव्हाच मोजलं जातं. पुन्हा वाचण्याला भाव नाही. जे लेखन पुन्हा वाचण्यासाठीच असतं, त्याला ही पट्टी लागू होत नाही. कविता, लघुनिबंध, बोलीचा कोश, संदर्भग्रंथ ही सगळी तिथे मुकाट तोट्यात राहतात. 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ मध्ये अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने काढल्या. ते पुस्तक पानाच्या भावाने तोलायचं म्हटलं तर काय हाती लागलं असतं, याची कल्पना करून पाहावी.

मागच्या वर्षी आमच्या पंचक्रोशीतले एक निवृत्त शिक्षक दोन हस्तलिखितं घेऊन माझ्याकडे आले. एक साडेचारशे पानांची कादंबरी, पैनगंगेकाठच्या एका कुटुंबाची. दुसरा चौदा वऱ्हाडी कथांचा संग्रह. नातवाने त्यांना केडीपीचं खातं उघडून दिलं होतं आणि इंग्रजी अटींचा अर्थ मी सांगावा अशी त्यांची इच्छा होती. आम्ही दोन संध्याकाळी बसलो. कादंबरीत अडचण नव्हती. कथासंग्रहात मात्र अशी अडचण निघाली की ती मराठी लेखकाच्या वाट्यालाच ठरवून यावी.

चौदांपैकी सात कथा वेगवेगळ्या दिवाळी अंकांत आल्या होत्या. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचा हा राजमार्ग आहे: आधी दिवाळी अंक, मग संग्रह. मराठीतले कितीतरी नामांकित कथासंग्रह असेच जमलेले आहेत. आता अनेक दिवाळी अंकांच्या ई-आवृत्त्या निघतात, विकल्या जातात, वर्षानुवर्षं दुकानात राहतात. करार म्हणतो, मजकूर डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही उपलब्ध नको. मग ज्या अंकाच्या ई-आवृत्तीत कथा बसली आहे तो अंक विक्रीला असेपर्यंत संग्रहाचा मक्ता देता येतो का? अटीचा सरळ अर्थ घेतला तर नाही. आणि संपादकाला 'माझी कथा तुमच्या ई-अंकातून काढा' असं सांगणारा लेखक मी अजून पाहिलेला नाही. शंभराहून जास्त वर्षं जी वाट मराठी कथेला वाचकापर्यंत आणि मग ग्रंथापर्यंत नेत आली, ती या कलमाच्या दृष्टीने नियमभंग आहे. सिएटलमध्ये अटी लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्याला दिवाळी अंक ठाऊकच नसणार. पण अज्ञानातून लिहिलेलं कलमही लागू होतंच.

दुसरी भर व्हॉट्सॲपची. मास्तरांच्या दोन कथा गटागटांतून फिरून आल्या होत्या, एक तर नाव गळून. कथा कुणीतरी कुठल्या संकेतस्थळावर चिकटवली असेल तर अट मोडल्याचा ठपका लेखकावर येऊ शकतो. चोरी दुसऱ्याने केली आणि खुलासा आपण द्यायचा, अशा तक्रारी देशोदेशीच्या लेखकांनी केलेल्या आहेत. करार बदलण्याचा आणि खातं बंद करण्याचा अधिकार कंपनीकडे राखलेला आहे हेही त्याच मजकुरात स्पष्ट लिहिलेलं आहे. कुणी लपवलेलं नाही.

मास्तरांनी शेवटी कादंबरी सिलेक्टमध्ये टाकली, कथासंग्रह पस्तीस टक्क्यांवर ठेवला आणि त्याची ई-आवृत्ती बुकगंगाकडेही देण्याचं ठरवलं. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. पुस्तकागणिक ठरवायची ही गोष्ट आहे. लेखकाच्या जातकुळीवरून किंवा कंपनीवरच्या रागावरून नव्हे.

रागाबद्दल बोलायचं तर, ॲमेझॉनला मोठा राक्षस आणि मराठी प्रकाशकाला घरचा माणूस ठरवणारं लिखाण मला पटत नाही. घरच्या माणसाचे करार मी वाचलेले आहेत. माझ्या पहिल्या पुस्तिकेसाठी एका प्रकाशकाने जो दीड पानी मसुदा पाठवला त्यात मुदत नव्हती, प्रदेश नव्हता, ई-पुस्तकाचा उल्लेख नव्हता आणि 'सर्व हक्क' हे शब्द तीनदा होते. छपाईचा अर्धा खर्च मी द्यायचा होता. नव्वद दिवसांचा मक्ता जाचक म्हणणाऱ्या किती लेखकांनी आयुष्यभराचा मक्ता सही करून दिलेला आहे, ते एकदा कपाटातली फाइल काढून पाहावं.

कायद्याने इथे लेखकाला हात दिला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं एकोणिसावं कलम सांगतं की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरावी, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरावा. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत लेखकाकडे येतो, करारात उलट लिहिलेलं नसेल तर. आणि २०१२ च्या दुरुस्तीने अठराव्या कलमात भर पडली ती तर ई-पुस्तकासाठी मोलाची: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्यातला हक्क त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय दिला गेला असं मानता येत नाही. आपल्याच जुन्या पुस्तकाचे डिजिटल हक्क आपल्याकडे आहेत की नाहीत हे ठाऊक नसलेले अनेक ज्येष्ठ लेखक मला भेटले आहेत. मक्ता द्यायचा की नाही हा प्रश्न त्यांच्यासाठी पुढचा. आधी शेत कुणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर पाहायला हवं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो पैशाचा नाही. किंडलवरचं पुस्तक आमच्या गावच्या वाचनालयाला विकत घेऊन सभासदाला नेता-आणता येत नाही. ते एका खात्याला दिलेलं असतं. २०२५ च्या फेब्रुवारीत तर घेतलेली फाइल संगणकावर उतरवून घेण्याची जुनी सोयही ॲमेझॉनने काढून घेतली. १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा प्रकाशकाला छापील पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना पाठवायला लावतो. पडद्यावरच्या पुस्तकाचा त्यात विचारच नाही. मक्त्यातलं, कधी न छापलेलं मराठी पुस्तक म्हणजे जगात एकाच कोठारात असलेलं पुस्तक.

आमचं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या इथल्या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा चौथ्या शतकात होऊन गेला. त्याने महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य रचलं. आनंदवर्धन आणि कुंतक यांच्यासारख्या काव्यशास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतली. ते काव्य आज नाही. इतरांनी उदाहरणादाखल घेतलेली वचनं तेवढी उरली. ग्रंथ गेला, उतारे राहिले. कारण उतारे दुसऱ्यांच्या ग्रंथांत होते.

याच्या उलट गोष्ट महानुभावांची, आणि ती मक्त्याच्या बाजूने साक्ष देते. पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत, सुंदरी लिपीत लिहून बाहेरच्या डोळ्यांपासून राखले. त्यामुळे मूळ मजकूर परक्या हातांनी बिघडला नाही, मठामठांत पोथ्या टिकल्या. याची किंमत अशी की सहाशे वर्षं मराठी वाङ्मयाला आपला आद्य गद्यग्रंथ ठाऊक नव्हता; विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी आणि इतरांनी लिपी उकलली तेव्हा तो हाती आला. पण पंथातल्या पंथातसुद्धा एकच पोथी पुरली नव्हती. परंपरा सांगते की म्हाइंभटांचं मूळ 'लीळाचरित्र' धाडीत गेलं. ज्यांनी ते ऐकलं होतं, पाठ केलं होतं, त्यांनी आपापल्या आठवणीतून ते पुन्हा उभं केलं, आणि म्हणून त्याचे निरनिराळे पाठ आज आपल्यापुढे आहेत.

महानुभाव पोथ्यांत येणाऱ्या आमच्या भागातल्या गावांवरची माझी पुस्तिका एकशे बारा पानांची आहे. पानाच्या भावात तिचं काही होणार नव्हतं. ती मी पस्तीस टक्क्यांच्या रकान्यात ठेवली. दोनशे प्रती छापून घेतल्या, त्यातल्या पंधरा अनसिंग, वाशीम, पुसद आणि कारंजा भागातल्या वाचनालयांना दिल्या, चार कायद्याप्रमाणे पोस्टाने पाठवल्या. फाइल तिघांच्या संगणकावर आहे. कुणी मागितली तर त्यांनी विचारल्याशिवाय द्यावी असं मी सांगून ठेवलं आहे.